झाडांनी वेढलेल्या घराच्या पन्हळीवर कोणती जाळी बसवावी?

प्रश्न: गुलमोहराखालचे घर (नागाळा पार्क, कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. आमचे घर नागाळा पार्क भागात असून ते सासऱ्यांनी बांधलेले जुने बैठे घर आहे. पुढच्या भागावर मंगळुरी कौले आहेत, तर मागे स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यावर नंतर घातलेला रंगीत प्रोफाइल पत्रा आहे. पुढच्या अंगणात मोठा गुलमोहर, रस्त्याच्या कडेला विलायती शिरीष, मागे आंब्याची दोन झाडे आणि शेजाऱ्यांच्या आवारात सिल्व्हर ओक अशी चारही बाजूंनी झाडी आहे. ही झाडे आम्हाला हवी आहेत. त्यांच्यामुळे चैत्र-वैशाखातही घर गार राहते, म्हणून झाडे काढण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

अडचण पन्हळीची आहे. कौलांच्या वळचणीला गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची सहा इंच रुंद आणि सुमारे तीस फूट लांब पन्हळ आहे. तिच्यात वीस फूट रुंदीच्या उताराचे पाणी येते आणि ते सगळे एकाच टोकाला बसवलेल्या तीन इंची पाइपातून खाली उतरते. उन्हाळ्यात साचलेला पाचोळा वळवाच्या पहिल्या सरीबरोबर पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसतो, पन्हळ तुडुंब भरते आणि पाणी आतल्या काठावरून भिंतीवर येते. बैठकीच्या खोलीची भिंत आता वरपासून ओली दिसते आणि एका ठिकाणी गिलावा सुटू लागला आहे. पूर्वी सासरे स्वतः शिडीवर चढून पन्हळ साफ करीत असत. आता त्यांच्या वयामुळे आम्ही त्यांना चढू देत नाही आणि ऐन पावसात या कामाला माणूस मिळत नाही.

चौकशी केल्यावर मला पाच प्रकार सांगण्यात आले: पन्हळीत आडवा ठेवायचा लांब ब्रश, स्पंजासारखा फोम, प्लॅस्टिकची जाळी, स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी आणि वरून वळवलेल्या पत्र्याचे झाकण. प्रत्येक विक्रेता आपलाच प्रकार कायमचा उपाय असल्याचे सांगतो. आमच्यासारख्या घराला यांपैकी काय योग्य ठरेल, आणि कौलांना व पत्र्याला एकच प्रकार चालेल का, हे जाणकारांनी सांगावे. काम मृग नक्षत्रापूर्वी उरकण्याचा विचार आहे.

उत्तर: स्थापत्य अभियंता (राजारामपुरी)

ताई, जाळीकडे वळण्यापूर्वी आपण दिलेल्या मापांचा हिशेब मांडतो, कारण आपल्या अडचणीचा मोठा भाग पानांचा नसून पाइपाचा आहे असे मला वाटते. तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद छप्पर म्हणजे ६०० चौरस फूट, अर्थात सुमारे ५६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे ताशी १०० मिलिमीटर या वेगाने जोराची सर आली, तर या एका उतारावरून तासाला ५,६०० लिटर, म्हणजेच मिनिटाला ९० लिटरांहून अधिक पाणी पन्हळीत उतरते. वळवाच्या पावसात असा वेग थोडा वेळच टिकतो, परंतु भिंत भिजायला तेवढा वेळ पुरतो. पावसाळी पाइपांची मापे ठरवण्यासाठी आपल्याकडे जो तक्ता वापरतात, त्यानुसार या वेगाच्या पावसात ७५ मिलिमीटरचा पाइप सुमारे २० चौरस मीटर आणि १०० मिलिमीटरचा पाइप सुमारे ४२ चौरस मीटर छपराचे पाणी वाहून नेऊ शकतो. आपला तीन इंची पाइप म्हणजे ७५ मिलिमीटरचाच पाइप. त्याच्यावर त्याच्या क्षमतेच्या अडीचपटींहून अधिक भार आहे, त्यामुळे पन्हळ पूर्ण स्वच्छ असली तरी मोठ्या सरीत ती भरून वाहणारच.

म्हणून पहिले काम असे करावे की पन्हळीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी एक, असे बाजारात मिळणारे ११० मिलिमीटरचे दोन पाइप बसवावेत आणि पन्हळीचा मधला भाग उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार द्यावा. दर मीटरला पाच मिलिमीटर उतार पुरेसा असतो. तीस फुटांच्या पन्हळीत मध्यापासून टोकापर्यंत तो जेमतेम एक इंच होतो, त्यामुळे समोरून पाहताना पन्हळ वाकडी दिसत नाही. याच वेळी पन्हळीचे ब्रॅकेट असे बसवून घ्यावेत की तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा निदान अर्धा इंच खाली राहील. मग कधी पन्हळ तुंबलीच तर पाणी अंगणात पडेल, भिंतीवर येणार नाही. आपल्याकडे नेमके उलटे झालेले आहे आणि भिंतीची ओल हा त्याचाच परिणाम आहे. या दोन गोष्टी न करता वर कितीही महाग जाळी बसवली तरी ओल थांबणार नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

आता प्रकारांविषयी. फोम मी कोणालाही सुचवीत नाही. त्याच्या छिद्रांत धूळ बसते, पाऊस थांबल्यावरही तो ओला राहतो आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे व वडाचे बी त्यात सहज रुजते. ही रोपे पुढे वळचणीच्या भिंतीत मुळे घालतात आणि मग ती काढणे फार कठीण होऊन बसते. उन्हाने फोमचा भुगाही होतो. ब्रशाचा एक गुण असा की तो कोणालाही हाताने उचलून बाहेर काढता येतो, पण त्याच्या केसांत पाने अडकून राहतात, आणि ज्या घरात शिडीवर चढायला माणूसच नाही तेथे हा गुण उपयोगाचा नाही.

वळवलेल्या झाकणाची कल्पना चांगली आहे. पाणी वळणदार पृष्ठभागाला चिकटून खाली वळते व फटीतून पन्हळीत जाते, आणि पाने पुढे घरंगळून बाहेर पडतात. मात्र हे झाकण सपाट, सरळ कडेच्या छपरांसाठी तयार झालेले आहे. मंगळुरी कौलांची खालची कड नागमोडी असते, त्यामुळे पाणी सलग पातळ थराने न येता प्रत्येक कौलाच्या खोलगट भागातून वेगळ्या धारेने येते. अशी धार झाकणाला चिकटत नाही, ती त्याच्यावरून सरळ अंगणात उडी घेते. शिवाय गुलमोहराच्या पर्णिका, म्हणजे त्याच्या मोठ्या पानाची छोटी सुटी पाने, इतक्या हलक्या असतात की त्या पाण्याबरोबरच वळून आत जातात.

राहिल्या दोन जाळ्या. त्यांतील निवड झाडांवर अवलंबून आहे आणि झाडांविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे कोणी लिहील तर बरे होईल.

उत्तर: वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका (ताराबाई पार्क)

वरील हिशेब वाचून समाधान वाटले. झाडांविषयी मला जे ठाऊक आहे ते लिहिते. जाळीचे छिद्र केवढे असावे हे आपल्या छपरावर नेमके काय पडते यावरून ठरवावे, आणि आपल्याकडे पुढच्या व मागच्या बाजूला पडणारा पाचोळा अगदी वेगळ्या स्वभावाचा आहे.

गुलमोहराचे पान आपल्याला एक मोठे पिसासारखे दिसते, परंतु ते गळताना एकसंध गळत नाही. त्याच्या पर्णिका, ज्या लांबीला साधारण एक सेंटिमीटर आणि रुंदीला तीन-चार मिलिमीटर असतात, त्या सुट्या होऊन झडतात आणि मधल्या लांब काड्या मागाहून पडतात. प्लॅस्टिकच्या सामान्य जाळीची छिद्रे सहा ते दहा मिलिमीटरची असतात. त्यांतून या पर्णिका बिनअडथळा आत जातात, आत त्यांचा गाळ होतो आणि वर जाळी असल्यामुळे तो कोणाला दिसतही नाही. काड्या मात्र छिद्रांत उभ्या अडकतात आणि त्यांच्याभोवती शिरिषाच्या फुलांचे गुलाबी केसर, धूळ व पाकळ्या यांचा थर जमतो. गुलमोहर साधारण एप्रिलपासून जूनपर्यंत फुलतो, म्हणजे त्याच्या पाकळ्या गळण्याचा आणि पहिल्या पावसाचा काळ एकच असतो. ओली पाकळी जाळीवर कागदासारखी चिकटते. त्यामुळे पुढच्या बाजूला छिद्र एक ते दीड मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे आणि जाळी आडवी न ठेवता कौलांच्या उतारालाच धरून बाहेरच्या बाजूस उतरती असावी, म्हणजे सुकलेल्या पर्णिका वाऱ्याने खाली जातील. सपाट बसवलेली बारीक जाळी गुलमोहराखाली एका मोसमात झाकून जाते.

मागच्या बाजूला परिस्थिती उलट आहे. आंब्याचे पान सहसा वीतभर लांब आणि जाड असते. ते अडवायला बारीक जाळीची गरजच नाही. उलट तेथे बारीक जाळी टाळावी असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण मोहोराच्या काळात येणारे तुडतुडे हे आहे. तुडतुडे जो चिकट गोड स्राव सोडतात तो खालच्या पानांवर, पत्र्यावर आणि जमिनीवर पडतो व त्यावर काळी बुरशी वाढते. आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर हा चिकटपणा आपण पाहिला असेल. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर तो पडला आणि त्यावर फाल्गुन-चैत्राची धूळ बसली, तर छिद्रे बुजतात आणि जूनमध्ये पाणी जाळीच्या वरून निघून जाते. सिल्व्हर ओकची पाने नेच्यासारखी कातरलेली पण मोठी असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट. झाडे तोडू नयेत या आपल्या भूमिकेशी मी मनापासून सहमत आहे, परंतु कौलांना प्रत्यक्ष घासणाऱ्या फांद्या मात्र काढाव्यात, कारण वाऱ्यात त्या कौले सरकवतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटण्यापूर्वीही महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करून विचारून घ्यावे. रस्त्यावरच्या शिरिषाला तर आपण स्वतः हात लावूच नये. छाटणी पावसाच्या बरीच आधी करावी.

उत्तर: पत्राकाम व फॅब्रिकेशन (शिवाजी उद्यमनगर)

नमस्कार ताई. आम्ही पन्हळी वाकवण्याचे आणि बसवण्याचे काम करतो, म्हणून साहित्याविषयी लिहितो. तयार मिळणारे बरेचसे गार्ड, म्हणजे पन्हळीवरच्या जाळ्या व झाकणे, परदेशी मापांच्या पन्हळीसाठी बनवलेले असतात आणि त्यांची एक कड छपराच्या पातळ आवरणाखाली सरकवायची असते. मंगळुरी कौलाखाली तशी कड सरकवली की खालची ओळ उचलली जाते, कौलांची एकमेकांवरची बैठक बिघडते आणि पाणी वाशांवर उतरते. म्हणून जाळी कौलाला किंवा पत्र्याला न अडकवता पन्हळीच्याच दोन कडांवर बसवून घ्यावी. आपल्या शहरात पत्रा मापाने वाकवून देणाऱ्यांची उणीव नाही, तेव्हा तयार मापाच्या मागे न लागता पन्हळीचे माप देऊन जाळीच्या चौकटी करून घेतलेल्या बऱ्या.

पुढच्या बाजूसाठी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी. समुद्राकाठी मालवण किंवा रत्नागिरीकडे ३१६ ग्रेड लागतो, कोल्हापुरात ३०४ पुरतो. केवळ जाळी ताणून लावली तर ती मध्ये खचते आणि त्या खोलगट जागी पाने साचतात, म्हणून तिच्याखाली मोठ्या छिद्रांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आधारासाठी द्यावा. त्याला मध्ये एक-दोन आडव्या घड्या द्याव्यात, कारण बारीक जाळीवरून पाणी नुसते सरकत जाण्याचा कल असतो आणि घडीपाशी ते थबकून खाली ठिबकते. चौकटी चार फुटांपेक्षा लांब करू नयेत आणि त्या आतल्या कडेला बिजागरीवर बसवाव्यात, म्हणजे खालून काठीने उचलून आतले पाहता येते. संपूर्ण लांबी स्क्रूने आवळून टाकलेली जाळी पुढे कोणीच उघडत नाही.

एक महत्त्वाची सूचना अशी की आपली पन्हळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची आहे आणि तिच्यावर स्टेनलेसची जाळी थेट टेकली, तर ओलाव्यात दोन धातूंच्या संपर्कामुळे पन्हळीवरचा जस्ताचा थर लवकर झिजतो आणि नेमक्या कडेला गंज धरतो. दोन्हींच्या मध्ये रबराची पट्टी द्यावी. पाइप बदलायचेच असतील तर पन्हळही बदलून पीव्हीसीची किंवा पावडर कोटिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची करावी, म्हणजे हा प्रश्न फारसा उरत नाही. तांब्याची तार किंवा तांब्याच्या पट्ट्या मात्र अ‍ॅल्युमिनियमजवळ अजिबात वापरू नयेत.

मागच्या प्रोफाइल पत्र्याचे गणित वेगळे आहे. गुळगुळीत पत्र्यावरून पाणी कौलांपेक्षा वेगाने येते आणि प्रत्येक नाळीतून जाड धार पडते. ती बारीक जाळीवर आपटून पुढे उडते. तेथे पाच मिलिमीटर गोल छिद्रांचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा बसवावा आणि छपराचा पत्रा पन्हळीच्या आत सुमारे दोन इंच आलेला आहे ना, हे पाहून घ्यावे. छपराच्या पत्र्यात नवे भोक पाडून काहीही आवळू नये. त्या भोकातून गळती सुरू होते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: गुलमोहराखालचे घर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पन्हळीचा आतला काठ खरोखरच खाली आहे. काल पाण्याची बादली ओतून पाहिल्यावर पाणी भिंतीकडेच वळले. त्यामुळे पन्हळ आणि पाइप दोन्ही बदलण्याचे आम्ही घरात ठरवले आहे. सासऱ्यांनाही हा हिशेब वाचून दाखवला आणि त्यांना तो पटला.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की पन्हळीवर जाळी असताना पाइपाच्या तोंडाशी घुमटासारखी दुसरी जाळी लावावी का? दुसरी अशी की नव्या पाइपांपैकी एकाचे पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडावे असे मुलाचे म्हणणे आहे. जाळीतून आलेले पाणी त्यासाठी पुरेसे स्वच्छ असते का? घरात लहान मूल असल्यामुळे डासांचीही काळजी वाटते.

उत्तर: पाणी साठवणारा (आर. के. नगर)

शोषखड्ड्याविषयी माझे उत्तर असे आहे की जाळी पाने अडवते, पाणी शुद्ध करीत नाही. उन्हाळाभर कौलांवर बसलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि आंब्याखालची ती चिकट बुरशी पाण्यात विरघळून किंवा बारीक कणांच्या रूपाने जाळीतून सहज पार होते. म्हणून मोसमातील पहिला पाऊस, आणि दीर्घ उघडीप पडल्यानंतरच्या सरीतील पहिले एक-दोन मिलिमीटर, बाहेर सोडून द्यावेत. आपल्या पुढच्या छपराचा अर्धा भाग एका पाइपाकडे आला तर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. पाइपाला उभा जोड देऊन खाली झडप बसवली की हे पाणी वेगळे काढता येते. त्यानंतरचे पाणी खडी व वाळूच्या थरांतून गाळून शोषखड्ड्यात सोडावे. ते थेट बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या तोंडाच्या पाइपात, मात्र सोडू नये.

डासांचे म्हणाल तर डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकून पुढच्या पावसात फुटतात. एक मिलिमीटरच्या जाळीने त्याला काही अंशी अटकाव होईल, पण कडेच्या फटी राहतातच. पन्हळीत पाणी थांबूच न देणारा उतार हाच यावरचा भरवशाचा उपाय आहे. झडपेखाली पाणी साचून राहत असेल तर तेही दर आठवड्याला सोडून द्यावे.

उत्तर: स्थापत्य अभियंता (राजारामपुरी)

ताई, पाइपाच्या तोंडाशी दुसरी जाळी लावू नये. वरच्या जाळीतून जो बारीक गाळ आत येईल तो पाइपातून खाली गेलेला बरा. तोंडाशी घुमटाकार जाळी असली तर तो तिच्याभोवती जमतो, आणि वरची जाळी बंद असल्यामुळे पन्हळ भरून वाहू लागेपर्यंत तुंबल्याचे कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक पाइपाच्या तळाशी, उभ्याने हात पोहोचेल अशा उंचीवर, झाकण उघडता येणारा टी जोड बसवावा. गाळ तेथे उतरतो आणि शिडीशिवाय काढता येतो. पाइपाला शक्य तो काटकोनी वळणे देऊ नयेत. वळचणीपासून भिंतीपर्यंत आणताना ४५ अंशांची दोन वळणे वापरावीत, कारण गुलमोहराच्या काड्या काटकोनातच आडव्या बसतात.

जाळीनंतरही वर्षातून दोनदा पाहणी करावी लागेल, हे मनाशी धरून चालावे. एक पाहणी मेच्या अखेरीस, पाने आणि बऱ्याचशा पाकळ्या गळून गेल्यावर करावी, आणि दुसरी श्रावणातल्या उघडिपीत. दोन्ही वेळा चौकटींवरून लांब दांड्याचा मऊ ब्रश फिरवणे आणि बिजागरीवरच्या एक-दोन चौकटी उचलून आत पाहणे एवढेच काम असते. आंब्याकडच्या बाजूला मोहोर संपल्यावर पाण्याचा पाइप जोराने मारावा, म्हणजे चिकटा सुकून घट्ट होणार नाही.

भिंतीचा गिलावा सध्या दुरुस्त करू नये. पन्हळ बदलल्यानंतर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, भिंत आतून सुकली याची दिवाळीनंतर खात्री करावी आणि मगच सुटलेला भाग खरवडून नवा गिलावा करावा. ओल्या भिंतीवर घातलेला गिलावा आणि रंग पुन्हा सुटतो. काम सुरू करताना गवंडी आणि पत्राकाम करणारा दोघांनाही एकाच वेळी बोलावून ब्रॅकेटची पातळी दोरी व लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) आखून घ्यावी, आणि पन्हळ बसल्यावर, जाळी घालण्याआधी, मध्यभागी बादलीने पाणी ओतून ते दोन्ही टोकांना सारखे जाते का हे आपल्यासमोर तपासून घ्यावे.